सोसायटीचा कडुनिंब का वाळला?

"उद्या सकाळी झाडं तोडणारा आपला गुंडा करवत घेऊन येतोय," फाटकावर नोटीस चिकटवत वेणीमाधवकाका म्हणाले. "कडुनिंबाला रोग लागलाय. दोन महिने रोज पाणी घातलं, तरी वाळतोच आहे."

काका सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचं बोलणं ऐकून म्हाळसाबाईंचा हात थांबला. सात रस्ता चौकाजवळच्या या सोसायटीत त्या अकरा वर्षं कडुनिंबाखाली इस्त्रीची गाडी लावत होत्या. मे महिन्याचं ऊन, त्यात कोळशाची इस्त्री. सावली गेली तर?

"आता म्या कुटं जाऊ?" एवढंच त्या पुटपुटल्या.

ते ऐकून सोसायटीतल्या शाळकरी आरोहीला राहवेना. टेंभुर्णीहून सुट्टीला आलेल्या मामेभावाला, इंद्रजीतला, घेऊन ती झाडापाशी गेली. बुंध्यावर छातीइतक्या उंचीला गेरूचा पट्टा होता. त्यावर हात फिरवताना ती थबकली. पट्ट्याच्या वर बुंधा फुगलेला आणि खाली बारीक!

"उलटंच हाय की," इंद्रजीत म्हणाला. "झाड बुडाशी जाड असतंय."

त्याने काडीने गेरू खरवडला. आत गंजलेली तार होती, सालीत बोटभर रुतलेली.

दोघं धावत काकांकडे गेली. काका हसले. "तार सालीत आहे, लाकडात नाही. पाणी वर जातंय ना? मग तारेचा काय संबंध?"

घरी येऊन आरोहीने पांढऱ्या सदाफुलीची एक फांदी घेतली, मधली साल गोल सोलून काढली आणि फांदी लाल शाईच्या पाण्यात उभी केली. संध्याकाळी पाकळ्यांवर बारीक लाल रेघा उमटल्या.

"म्हणजे साल नसली तरी पाणी चढतंय. काकाच बरोबर की," इंद्रजीत हिरमुसला.

आरोहीने विज्ञानाचं पुस्तक उघडलं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या आत, लाकडात. पानांनी केलेलं अन्न खाली आणणाऱ्या नळ्या मात्र सालीत.

"पाणी पोचतंय रे. अन्न अडकलंय, म्हणून वर फुगलंय," ती हळूच म्हणाली. "मुळं उपाशी आहेत. उपाशी मुळं पाणी तरी किती दिवस ओढणार?"

सकाळी गुंडा आला तेव्हा आरोहीने लाल पाण्यातल्या फांदीचा पेला काकांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. गुंडाने करवत खाली ठेवली आणि बुंध्याला वळसा घातला.

"पोरगी खरं बोलती, साहेब. हितं बुंध्याच्या खोबणीत तार टेकलीच न्हाय. चार बोटं साल जिती हाय. झाड वाचंल."

काकांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तार मीच बांधली होती. पाच वर्षांपूर्वी, फलक लावायला. फलक काढला, तार विसरलो. वरून गेरू फासला."

गुंडाने पक्कड घेऊन तार दोन ठिकाणी तोडली. रुतलेले तुकडे त्याने ओढले नाहीत, साल फाटली असती. काकांनी नोटीस स्वतः फाडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा फांद्यांवर तांबूस पालवी दिसू लागली होती. म्हाळसाबाई गाडीपाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पालवी बोटाने दाखवून सांगत होत्या, "आमच्या आरोहीनं वाचवलं."

आरोही दप्तर घेऊन निघाली, तोच काकांनी हाक मारली. "मागच्या चिंचेला कुणीतरी झोपाळ्याची दोरी आवळलीय. मला नीट कळत नाही. जरा बघतेस?"

ती पुढे झाली आणि काका तिच्या मागोमाग निघाले.