चिंबोरीच्या वीतभर वर

खेकडा कसा चालतो हे बघायला कुणाची लग्नाची मुलगी कल्याणहून कोलशेतच्या खाडीवर गेली, असं कुणी सांगितलं असतं तर सहदेव पेंटरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण गेली ती त्यांचीच कलावती, आणि तीही पायात नव्या चपला घालून.

त्याचं असं झालं. सहदेव पेंटर कल्याणच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे मुलीच्या हातात बाहुलीच्या आधी ब्रश आला. चित्रकलेच्या परीक्षा झाल्यावर तिला ठाण्यात प्रभाकरपंतांकडे काम मिळालं. तळ्यामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पंत दंतमंजनाच्या आणि साबणाच्या छोट्या जाहिरातपट्ट्या काढत. आता त्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. मुलांसाठी एक विनोदी चित्रपट करायचा, त्यात माणूस खराखुरा आणि खेकडा मात्र कागदावर काढलेला, आणि दोघं एकाच पडद्यावर भांडणार. गणूमामा नावाचा धांदरट गृहस्थ कालवणासाठी खेकडा घरी आणतो आणि तो खेकडाच त्याला घरभर नाचवतो, अशी गोष्ट. एकोणीसशे छप्पन साल होतं. असलं काही ठाण्यातल्या पोरांनी पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पंतांनीही कधी केलेलं नव्हतं.

कलावतीनं खेकडा आजवर पाहिला होता तो फक्त ताटात. म्हणून एका सकाळी ती ठाण्याहून टांगा करून कोलशेतला गेली. मिठागराच्या बांधावर उकिडवी बसून ती चिखलातल्या एका बिळात डोकावत होती. थंडीचे दिवस होते, खाडीवरून खारा वारा येत होता आणि तिच्या हातातले कागद फडफडत होते.

"बोट घालू नका," मागून आवाज आला. "मालक घरात आहेत."

तिनं वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक उंच, सावळा तरुण उभा होता. चेहरा अगदी गंभीर, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं. त्यानं वाकून बिळात हात घातला, एक भलामोठा खेकडा मागून धरून अलगद बाहेर काढला आणि तिच्यासमोर केला.

"ही चिंबोरी. काढा चित्र. पण जरा लवकर, तिला कामं आहेत."

कलावतीनं चित्र काढलं. मग तिनं विचारलं, ही चालते कशी? तर हा गृहस्थ दोन्ही हातांचे आकडे करून, डोळे बाहेर काढून, बांधावरून आडवा आडवा चालत गेला आणि तसाच परत आला. कलावतीला इतकं हसू आलं की तिचा पाय निसटला आणि ती थेट चिखलात बसली. तो हसला नाही. क्षणभर विचार करून तो शेजारी चिखलातच फतकल मारून बसला आणि म्हणाला, "आता कोण कुणाला हसणार?"

त्याचं नाव विश्राम. मिठागर त्याच्या वडिलांचं. तो मॅट्रिक होऊन तेच बघत होता आणि शिमग्यात गावच्या नाटकातली सगळी हसवणारी कामं त्याच्याकडे असत. दुसऱ्या दिवशी कलावतीनं पंतांना सांगितलं की गणूमामा सापडला. पंतांनी त्याला बोलावलं, एकदा आडवं चालवून बघितलं आणि लगेच ठेवून घेतलं.

चित्रीकरण सुरू झालं. आता यातली गोम अशी की चिंबोरी कागदावर उतरायची नंतर. मग नटानं बघायचं कुठं? पंतांनी एका बांबूच्या काठीला लाल कापसाचा गोळा बांधला. कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा बाहेर, टेबलाच्या उंचीवर कुणीतरी तो धरायचा, आणि गणूमामानं चिंबोरी समजून त्याच्याकडे बघायचं. चिंबोरी काढणार कलावती, म्हणून गोळाही तिनंच धरायचा असं ठरलं. ती बुटक्या स्टुलावर काठी घेऊन बसे.

आवाज पुढे वेगळा भरायचा होता, तेव्हा बोलायचं काय याला काही बंधन नव्हतं. ओठ हलले म्हणजे झालं, असं पंतांनी बजावलेलं. विश्रामला तेवढंच पाहिजे होतं. चेहऱ्यावर गणूमामाचा राग आणून तो गोळ्याला म्हणायचा, "चिंबोरीबाई, काल दिवसभर दिसला नाहीत... इथं आमचं कालवण आळणी झालं की हो." किंवा मूठ आपटून, "निळं पातळ तुम्हाला फार शोभतं, पण रोज रोज नेसू नका. माणसानं काम कसं करायचं?"

काठी हलता कामा नये, म्हणून कलावती ओठ दाबून बसायची. तिची मान खाली जायची, कानशिलं तापायची, आणि पंत कौतुकानं म्हणायचे, "वा, काय चिडलाय."

घरी जाताना मात्र तिचं मन खट्टू व्हायचं. कारण विश्राम सगळ्यांशीच असा बोलायचा. दिवे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या धाकूकाकांना तो 'राजे' म्हणायचा, चहावाल्या आवडाबाईंच्या भज्यांवर पोवाडे रचायचा. कॅमेरा थांबला की तो तिला 'कलाबाई' म्हणे, अदबीनं चार हात लांब उभा राही. यातलं खरं काय आणि नाटक काय, कुणी सांगावं?

आणि तिला ते कळायला तर हवं होतं, कारण घरी नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा छापखान्यात हेडक्लार्क, माणसं सालस. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. रविवारी ती मंडळी होकार-नकार ऐकायला येणार होती. सहदेव पेंटर काही दरडावणारे बाप नव्हते. त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं की तुझ्या मनात दुसरं काही असेल तर आत्ताच सांग. काय सांगणार ती? की एक माणूस कापसाच्या गोळ्याशी फार गोड बोलतो? ती गप्प बसली, आणि वडिलांनी ती गप्प बसलेली पाहिली.

त्याच आठवड्यात मुंबईहून धुऊन आलेली रिळं शेडमध्ये पोचली. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून एकेक फ्रेम काचेवर पाडायची, वर कागद ठेवायचा आणि गणूमामाची नजर जिथं लागते तिथं चिंबोरी काढायची, असं ते काम. कलावतीनं पहिल्याच फ्रेमवर टेबलाच्या काठाला चिंबोरी बसवली आणि ती पुन्हा वाकून निरखू लागली. गणूमामा चिंबोरीकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या डोक्यावरून जात होती. पुढच्या फ्रेममध्ये तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. आलेली सगळी रिळं तशीच.

पंतांनी कपाळाला हात लावला. हा वर कुठं बघतोय, छपराकडे? आता पुन्हा चित्रीकरण करायला फिल्म आणायची कुठून? गावचा शिमगा म्हणजे सिनेमा नव्हे, उद्याच याला घरी पाठवतो आणि चित्रपट गुंडाळून ठेवतो, असं ते तावातावानं बोलत राहिले. कलावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्रामला आणलं होतं तिनंच.

पंत बाहेर गेल्यावर तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि नेहमीच्या स्टुलावर बसून गोळा नेहमीसारखा समोर धरला. गोळ्याच्या वीतभर वर काय होतं? तिचेच डोळे होते. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी ती लाजेनं लाल झाली.

पंतांना तिनं यातलं अक्षरही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की त्याला खाली बघायला लावता येत नसेल, तर आपण चिंबोरीला वर चढवू. मग तिनं जी काय चिंबोरी काढली! कधी डब्यांच्या उतरंडीवर चढलेली, कधी उपड्या पातेल्यावर मांडी घालून बसलेली, तर कधी गणूमामाच्याच छत्रीला लोंबकळणारी. गणूमामा रागानं मूठ आपटत होता, पण डोळे मात्र लोण्यासारखे मऊ झालेले. त्या नजरेला जुळावं म्हणून कलावतीनं चिंबोरीला आरशासमोर नट्टापट्टा करायला लावलं. पहिले तुकडे बघून पंत खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. गणूमामाला घरी पाठवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

कलावतीच्या जिवाची घालमेल मात्र संपली नव्हती. तिनं सहज म्हणून धाकूकाकांना विचारलं, नजर अशी वर का गेली असेल हो?

"नवा मानूस तो," दिव्याची काच पुसत धाकूकाका म्हणाले. "बोलताना मानूस मानसाच्या तोंडाकडंच बघनार. गोळ्याशी कोन बोलतं?"

कलावतीचा चेहरा उतरला. खरंच होतं ते. नाटकात काम केलेला माणूस, समोर जो असेल त्याच्या तोंडाकडे बघायची त्याला सवय. काठीमागे कलावती होती म्हणून कलावती. दुसरं कुणी असतं तर त्याच्याकडेही तसंच बघितलं असतं. एवढ्याशा गोष्टीवर आपण हवेत मनोरे बांधले, असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि नाशिकला होकार द्यायचं मनाशी ठरवलं.

शनिवारी शेवटचं रीळ आलं. गणूमामा स्टोव्ह पेटवतो तो प्रसंग. तिनं फ्रेम पाडली, सवयीनं वीतभर वर चिंबोरी काढायला घेतली, आणि पेन्सिल थांबली. नजर खाली होती. टेबलाच्या काठावर, जिथं असायला हवी नेमकी तिथं. तिनं पुढची फ्रेम पाडली, मग त्यापुढची. पार शेवटपर्यंत गणूमामा एखाद्या मुरलेल्या नटासारखा फक्त गोळ्याकडे बघत होता.

हे कोणत्या दिवशीचं? आणि तिला आठवलं. त्या दिवशी ती तापानं घरी पडली होती. काठी धरली होती धाकूकाकांनी.

म्हणजे त्याला बघता येत होतं. अगदी चोख बघता येत होतं. कलावतीचा जीव असा काही भांड्यात पडला की ती टेबलावर डोकं टेकून एकटीच हसायला लागली.

त्या दुपारी विश्राम आवाज भरायला आला. पंत अजून यायचे होते. तिनं त्याला काचेच्या टेबलाशी बोलावलं आणि दोन फ्रेम एकापाठोपाठ दाखवल्या.

"ही माझ्या दिवसाची. आणि ही धाकूकाकांच्या."

विश्रामनं वाकून पाहिलं. सवयीनं एक विनोद त्याच्या ओठांवर आलाही, पण तो तिथंच विरला.

"त्या दिवशी..." तो म्हणाला, "गोळ्याच्या वर बघायला काही नव्हतं."

"धाकूकाका होते की."

"तेच म्हणतोय मी."

तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "मग कधी बोलला का नाहीत?"

"रोज बोलत होतो. मूठ आपटून बोलत होतो."

"गोळ्याशी."

त्यानं काचेवरची फ्रेम बोटानं जरा सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाला, "मला बघून सगळे हसतात, कलाबाई. तुम्हीही पहिल्याच दिवशी हसलात. त्या हसण्याचाच मला लळा लागला. म्हटलं, खरं बोललो आणि तुम्ही हसलात, तर मग मी कुठं जाऊ? आणि हसायचंच बंद केलंत, तर त्याहून वाईट."

कलावतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "उद्या नाशिकची माणसं यायची आहेत. मी नाही म्हणणार आहे. पण बाबा विचारतील, का म्हणून. मी काय सांगू?"

"सांग..." तो अडखळला. पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "सांग की... नको, तू नको सांगूस. मी येतो. आईला घेऊन येतो. त्या लोकांच्या आधी येतो."

आणि तो खरंच आला. रविवारी सकाळी सहदेव पेंटर ओसरीवर ब्रश धुवत बसले होते, तेव्हा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला विश्राम आणि त्याची आई तुळसाबाई दारात उभी राहिली. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग सहदेवांनी विश्रामला सरळ विचारलं की काय काम काढलंत. विश्रामनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावरून घाम निथळायला लागला, पण शब्द काही फुटेना. दाराआड कलावती पदर मुठीत गच्च धरून उभी होती.

"तू सांगायचीस तो दिवसभर बोलणारा मुलगा हाच?" सहदेवांनी आतल्या बाजूला बघून विचारलं.

"बोलतो वो, लय बोलतो," तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन मनातलं खरं असलं की याची अशीच दातखीळ बसते. तुमची पोर मागायला आलोय आमी."

सहदेवांनी ब्रश झटकून बाजूला ठेवला आणि मुलीला हाक मारली. कलावती बाहेर आली. आता ती लाजली नाही.

"बाबा, मला हाच हवा."

सहदेव पेंटरांनी एवढा मोठा श्वास सोडला की तुळसाबाईही चमकल्या.

"हे तू चार दिवस आधी का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "माझे आजोबा मिठागरावरच राबले, मला कसली अडचण? नाशिकचं घर चांगलं आहे, नको कुठल्या तोंडानं म्हणू, म्हणून मी गप्प होतो. पण रोज देवाला सांगत होतो, पोरीला इतकं लांब नेऊ नकोस."

मग ते उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि नाशिकची मंडळी स्टेशनवर उतरायच्या आत त्यांना हात जोडून सगळं सांगायला निघाले. जाताना त्यांनी विश्रामच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मी येईपर्यंत थांब. जेवूनच जा."