चौथ्या मजल्यावरचा रहाट

२०१७ साल. ऑगस्टचा शेवटचा रविवार, तारीख सत्तावीस. सकाळचे दहा. गाव न्युरेम्बर्ग, जर्मनी.

तारीख इतकी नेमकी सांगते, कारण ती मी त्याच दिवशी औषधांच्या वहीत लिहून ठेवली. वही अजून माझ्याकडे आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने घरी यावं, दाखवते. माझं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात गोष्टी रचून मला काय मिळणार?

असले प्रकार रात्रीच घडतात असं लोक म्हणतात. हा भर सकाळी घडला. लख्ख उन्हात.

त्या वर्षी मी तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे गेले होते. मुलगा हृषिकेश, हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत इंजिनियर. सून सुकन्या. नात उर्जा, सात वर्षांची. मी मराठीत बोलायचे, ते तिला सगळं कळायचं, पण उत्तर मात्र जर्मनमध्येच. मला त्यातलं निम्मं कळायचं. बाकीचं सुकन्या सांगायची.

घर चौथ्या मजल्यावर. खाली तिसऱ्यावर फ्राऊ लिंडनर, माझ्याच वयाच्या, एकट्या.

हृषिकेशने त्या उन्हाळ्यात एक घर घेतलं होतं. जर्मनीत नाही. दूर, विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर. बेटाचं नाव मुद्दाम सांगत नाही. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत मिळत नाही, पंचवीस वर्षांच्या पट्ट्याने मिळते. निवृत्तीनंतर तिथे राहायचं, असा बेत.

"आई, तुझे गुडघे तिथे अजिबात दुखणार नाहीत," तो म्हणायचा.

घर छान होतं. फक्त त्याला रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि पाणी नव्हतं.

हे सगळं बघणारा माणूस होता चारुदत्त. मूळचा ठाण्याचा, दहा वर्षं बेटावर. आपल्या लोकांना घरं मिळवून द्यायचा. रोज नाश्त्याला त्याचा फोन.

"विजेचा खांब पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही पुढच्याच आठवड्यात होता," हृषिकेश म्हणायचा.

"सर, बेट आहे. इथे आठवडा जरा मोठा असतो."

हृषिकेश टोस्टवर लोणी असं घासायचा, की टोस्ट मोडायचा.

एक दिवस चारुदत्तने जागेचे फोटो पाठवले. गेटच्या आत, जिथून गाडी यायला हवी तिथेच, एक जुनी विहीर. दगडी काठ. वर लाकडी रहाट. काठावर दांडा लावलेली करवंटी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी प्यायला.

मी फोटो पाहिला आणि मला आधी उर्जा आठवली. उर्जा एका जागी ठरणारी मुलगी नव्हती.

"आधी ती विहीर बंद करा," मी म्हणाले. "मगच पोरीला तिथे न्या."

हो. मीच म्हणाले.

चारुदत्त फोनवर जरा घुटमळला. "काकू, मागे राहणारी एक म्हातारी इथून पाणी नेते. तिच्या सासूच्या काळापासून. रोज चार वाजता येते."

"तिला नळ देऊ आपला," हृषिकेश म्हणाला. "बोअर तर घेतोच आहोत. वर स्लॅब टाक, गाडीचा रस्ताही होईल."

झालं. विषय संपला.

पण माझ्या मनात काहीतरी आलं होतं. वाईजवळच्या माझ्या माहेरी, मी नऊ वर्षांची असताना, रस्त्यासाठी एक विहीर बुजवली होती. वडिलांनी दोन दिवस आधी तिच्या काठावर उभं राहून तिला तसं सांगितलं होतं. मोठ्याने, माणसाला सांगावं तसं. मग नारळ, दूध. आणि बुजवताना आत एक नळी उभी ठेवली. विहिरीला श्वास घ्यायला. आम्ही पोरं त्या नळीला कान लावायचो. आतून गार हवा यायची...

हे मला आठवलं. तरी मी बोलले नाही.

म्हटलं, परका मुलूख. आपलं तिथे कशाला?

गुरुवारी स्लॅब पडला. चारुदत्तने फोटो पाठवला. करडं, ओलं सिमेंट. एका कोपऱ्यात काहीतरी अर्धवट रुतलेलं. मी चष्मा लावून पाहिलं.

ती करवंटी होती.

आणि मग तो रविवार.

जर्मनीत रविवारी कुणी आवाज करत नाही. ड्रिल नाही, व्हॅक्यूम नाही. अख्खी इमारत गप्प. त्यात दहा वाजता दारावर थाप. फ्राऊ लिंडनर.

"आज रविवार आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तुमच्याकडे काय चालू आहे?"

"काहीच नाही," सुकन्या म्हणाली.

"मग... ऐका ना."

आम्ही गप्प झालो.

कुर्र... कुर्र... कुर्र...

लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज. बाथरूमच्या भिंतीतून.

मला ओळखायला क्षणही लागला नाही. साठ वर्षं ऐकला नव्हता, पण असला आवाज विसरता येत नाही.

रहाट.

मग दोर सुटल्याचा सर्रर्र... लांब, खोल, खाली जाणारा...

आता बादली पाण्यात पडणार. 'डुब्' होणार. मी वाट पाहत होते.

'डुब्' झालंच नाही.

नुसतं... ठक्.

नळ उघडला तर पाणी नाही. पाच मिनिटांनी आलं.

त्यानंतर रोज. बरोबर दहा वाजता. कुर्र... कुर्र... सर्रर्र... ठक्. आणि नळ कोरडा.

हाऊसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, टेर्मिन घ्या, म्हणजे आधी वेळ ठरवा. वेळ मिळाली आठ दिवसांनी, दुपारी तीनची. तीन वाजता सगळं ठीक. "दहाला या," सुकन्या म्हणाली. "दहाला माझा नाश्ता असतो," तो म्हणाला. पाण्याच्या कंपनीने सांगितलं, दाब व्यवस्थित आहे. इमारतीच्या ऑफिसने सांगितलं, लेखी तक्रार द्या. लेखी दिली. उत्तर आलं, तक्रार मिळाली.

तिकडे बेटावरही तेच. पहिली बोअर कोरडी. दुसरी कोरडी. तिसरीत चिखल. टँकर गल्लीत वळेना.

"विहिरीला बारमाही पाणी होतं ना रे?" हृषिकेश फोनवर ओरडला. "मग दहा फुटांवर बोअर कोरडी कशी?"

"सर, मलाही कळत नाही. ड्रिलवाला म्हणतो, पाणी सरकलं."

"पाणी सरकतं का कुठे? फर्निचर आहे का ते?"

मी दोनदा म्हटलं, "हृषी, तो रहाटाचा आवाज आहे."

"आई, प्लीज. पाइपमध्ये हवा आहे."

तो आणि सुकन्या एकमेकांकडे पाहायचे. म्हातारी भरकटली, असं. मला इतका संताप यायचा. ज्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, तो मला ओळखू येऊ नये?

मग उर्जाचं सुरू झालं.

ती ग्लास भरून बाथरूमच्या दाराशी ठेवायला लागली. मी विचारलं, कुणासाठी गं?

"फ्युअर ओमा." आजीसाठी.

"मी तर इथे बसले आहे."

तिने मान हलवली. सुकन्याकडे पाहून काहीतरी बोलली. सुकन्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली?"

"म्हणते... तू नाही. दुसरी आजी. तिला तहान लागली आहे."

संध्याकाळी ग्लास रिकामा असायचा. आमच्यापैकी कुणीही त्याला हात लावलेला नसायचा.

दुसऱ्या आठवड्यात उर्जालाच तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे प्यायची, तरी ओठ फुटलेले. जीभ पांढरी. दोन आठवड्यांत पोर चार किलो उतरली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. साखर ठीक, मूत्रपिंड ठीक. त्या म्हणाल्या, "ही भरपूर पाणी पिते आहे. पण शरीर असं दाखवतंय, जणू एक थेंबही मिळालेला नाही." अठरा सप्टेंबरला, सोमवारी, हॉस्पिटलात भरती करायचं ठरलं.

शनिवारी मी गुपचूप चारुदत्तला फोन लावला.

"चारुदत्त, ती म्हातारी कशी आहे?"



"काकू, कोण म्हातारी?"

"पाणी न्यायला येणारी. खोटं बोलू नकोस."

त्याचा आवाज एकदम खाली आला.

"काकू, गेली ती. स्लॅबनंतरच्या रविवारी. पाण्यासाठी दोन किलोमीटर जायला लागत होतं, उन्हात... मी नळ देणार होतो हो, पण पाणीच नव्हतं. चार वाजता सापडली. तुमच्या स्लॅबवर बसलेली होती. मांडीवर दोर आणि बादली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तिथे दुपारचे चार, म्हणजे आमच्याकडे सकाळचे दहा.

मी हृषिकेशला सांगितलं. स्लॅब फोड म्हटलं. तो डोकं धरून बसला.

"आई, माझी पोरगी आजारी आहे आणि तू मला भुताच्या गोष्टी सांगतेस? ती बाई गेली, वाईट झालं. पण गेटला दुसरी जागा नाही. तो स्लॅब फोडला तर घराला रस्ता नाही."

"रस्ता कुणासाठी हवाय तुला? पोरगी राहिली तर ना?"

तो उठून गेला.

रविवार, सतरा सप्टेंबर. दहा वाजले.

आणि आवाज आला नाही.

मला वाटलं, सुटलो. मग लक्षात आलं... उर्जा कुठे आहे?

बाल्कनीचं दार उघडं होतं.

ती कठड्यावर पोटावर लवली होती. पाय जमिनीवर नव्हते. हातात तिची उड्या मारायची दोरी, दोरीला वाळूत खेळायची लाल बादली. ती दोरी खाली सोडत होती. हात एकामागून एक, सराईत बाईसारखे. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

कुर्र... कुर्र...

आवाज तिच्या तोंडातून येत होता.

मी धावले. गुडघ्यांचं काय झालं, आठवत नाही. फ्रॉक धरला, मिठी मारली, मागे ओढलं. दोरी तिच्या हातातून सुटेना. खालून कुणीतरी ताणून धरावी तशी घट्ट.

"हृषी!"

तो आला. दोन्ही हातांनी दोरी ओढली. एकदम सुटली, दोघं मागे पडलो.

बादली वर आली. रिकामी. फक्त बुडाला काहीतरी करडं लागलं होतं. हृषिकेशने बोट लावलं.

ओलं सिमेंट.

तेव्हा मला तो 'ठक्' कळला.

तेवढ्यात जिन्यावरून फ्राऊ लिंडनर धापा टाकत आल्या. आज ओरडायला नाही. चेहरा पांढरा. त्यांच्या बाल्कनीसमोरून बादली खाली गेली होती, म्हणाल्या. दुसरा मजला, पहिला मजला, अंगण... आणि तिथेही ती थांबली नाही.

हृषिकेशने दोरीकडे पाहिलं. ती दोन मीटरची होती.

त्याने चारुदत्तला व्हिडिओ कॉल लावला.

"स्लॅब फोड. आत्ता."

"सर, आज रविवार, माणसं..."

"तू फोड. तुझ्या हाताने."

चारुदत्तने शेजारून पहार आणली. मी फोनमध्ये तोंड घालून सांगत होते, "नारळ ठेव. मोठ्याने सांग, चुकलं म्हण. माझं नाव घे. बंद करा असं मी म्हणाले होते."

त्या नारळांच्या बेटावर एक नारळ मिळायला अर्धा तास लागला. मग पहारीचे घाव. एक... दोन... किती, कुणास ठाऊक. शेवटी तुकडा आत कोसळला.

आणि फोनमधून आवाज आला.

डुब्.

त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरातला नळ, कुणीही न सोडता, धो धो वाहायला लागला.

उर्जा एक ग्लास पाणी प्यायली. एकच. आणि माझ्या मांडीवर झोपली. भरतीची वेळ आलीच नाही.

हे सगळं कसं झालं, मला विचारू नका. मला कळलेलं नाही.

त्या घरी आमच्यातलं कुणी कधीच गेलं नाही. हृषिकेशने पट्टा सोडून दिला. विहीर उघडी आहे, गावातल्या बायका पाणी नेतात असं ऐकलं. चारुदत्त वर्षभरात बेट सोडून ठाण्याला परतला. माझा फोन उचलत नाही. हृषिकेश आणि सुकन्या अजून न्युरेम्बर्गलाच, दुसऱ्या घरात, तळमजल्यावर. फ्राऊ लिंडनर २०१९ मध्ये गेल्या. त्यांच्या भाचीने सुकन्याला विचारलं, मावशी रोज बाल्कनीत पाण्याची भरलेली बादली का ठेवायची?

उर्जा आता पंधरा वर्षांची आहे. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. उंच झाली आहे, हसते, व्हिडिओ कॉलवर माझ्या मराठीला अजून जर्मनमध्येच उत्तर देते.

राहिली ती दोरी.

सुकन्या ती कचऱ्यात टाकणार होती. मी म्हटलं, तशी टाकायची नाही. मी नेते, वाईला कृष्णेत सोडते. बॅगेत घालून घेऊन आले. मग गुडघे. मग लॉकडाऊन. मग आज जाऊ, उद्या जाऊ. आठ वर्षं माळ्यावर आहे.

मागच्या रविवारी उर्जाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. ठेवता ठेवता ती थांबली. स्क्रीनकडे नाही, माझ्या मागे, वर पाहत होती. माळ्याच्या बाजूला.

आणि स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आजी... माझा दोर कधी देणार?"