पुढच्या वर्षीसाठी दोन शब्द

"लग्न आहे की मालिका? फोटोवाला आहे, व्हिडिओवाला आहे, आता ही तिसरी कशाला तडमडायला?"

पुटपुटणं अगदी हळू होतं. पण पुटपुटणाऱ्याच्या कॉलरला रीलवालीने नुकताच माइक अडकवला होता, आणि त्याचा शब्दन् शब्द तिच्या कानात येत होता.

"फोटोवाला महिन्याने फोटो देतो, व्हिडिओवाला विसरून जातो," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तिसरी आहे म्हणून तुमची बहीण या दुकानातून बाहेर पडायच्या आत तिच्या मैत्रिणी जळायला लागतील."

त्याचे कान लाल झाले. कपड्यांच्या दुकानातली ती पहिली भेट.

रीलवालीला ठरवलं होतं धाकटीने, म्हणजे नवरीने, हट्ट करून. काम दिसायला सोपं. फोन घेऊन मागे मागे फिरायचं, कुणी हसलं की टिपायचं, नाही हसलं तर हसवायचं आणि त्याच दिवशी सगळ्यांना दाखवायचं. गाडी चालवायला नवरीचा हा थोरला भाऊ. रीलवालीकडे दिवा धरायला माणूस नव्हतं, तर हाच धरायला लागला. आधी नाइलाजाने, मग सवयीने, मग... ती नको म्हणाली तरी.

सगळं घर त्याला दादा म्हणायचं. रीलवालीच्या तोंडून मात्र ते काही निघेना. ती आपली "अहो, इकडे बघा" म्हणायची, आणि त्या 'अहो'ला नवरीच्या आत्याची एक भुवई हमखास वर जायची. त्याचं 'तुम्ही' कधी 'तू'वर आलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"दर वेळी डोळे का मिटता हो?"

"तू बघतेस म्हणून."

"मी कुठे? कॅमेरा बघतोय."

"मग तू कधी बघणार?"

तिने नीट लावलेला फोन उगाच पुन्हा नीट लावला.

सगळं असं छान चाललं असतं. पण त्याने पहिल्याच दिवशी एक अट घातली होती, बाबांना जवळून घ्यायचं नाही. का, तर म्हणे त्यांना आवडत नाही. हे धडधडीत खोटं होतं. फोन दिसला की बाबा उरलेल्या केसांवरून हात फिरवायचे आणि आपली डावी बाजू जरा बरी आहे, हे तिला आठवणीने सांगायचे. त्यांची मान सदऱ्याच्या कॉलरमध्ये काठीसारखी हलायची. बसल्या बसल्या डोळा लागायचा. आत्या म्हणायची, पित्त आहे. लग्न अचानक अलीकडे का आणलं, तर धाकटी म्हणायची, हॉल मिळाला म्हणून. आणि बाबा खोलीत असले की त्या घरातला प्रत्येक जण गरजेपेक्षा मोठ्याने हसायचा.

हसणं हा तर रीलवालीचा धंदा. चिकटवलेलं हसू तिला ओळखू यायला हवं होतं. पण तिने भलताच अर्थ काढला. या देखण्या मुलाला वाळलेल्या बापाची लाज वाटते! अशा माणसात जीव गुंतवायचा नाही, असं तिने ठरवलं. ठरवून काय होतं म्हणा.

लग्नाच्या दिवशी तिचं शेवटचं काम नेहमी एकच असे. नवरा-नवरीच्या नकळत, हॉलमागच्या खोलीत, जवळच्या माणसांनी फोनसमोर दोन शब्द बोलायचे, आज वर्ष झालं असं समजून. पुढच्या वर्षी बरोबर त्याच दिवशी ती ते टाकायची. इथे मात्र जो तो सटकायला लागला. आत्याला एकाएकी काम आठवलं. दादाला पाहुण्यांची गाडी बघायची होती. रीलवालीला वाटलं, लाजतायत. मग तिलाही चेव आला. खिडकीशी बाबा एकटेच बसले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि फोन अगदी जवळ नेला.

"काका, समजा, आज वर्ष झालंय. काय म्हणाल दोघांना?"

बाबांनी केस सारखे केले. "म्हणेन की... वर्ष कसं गेलं, कळलंसुद्धा नाही. मी पण... मी पण इथेच..."

हसू तसंच राहिलं, डोळे मात्र त्यातून निघून गेले. दारात आलेली आत्या तोंडाला पदर लावून तशीच मागे फिरली.

तिच्या मागोमाग आलेल्या दादाने रीलवालीला बाहेरच्या बोळात ओढलं. "सांगितलं होतं ना तुला?"

"लाज वाटते ना तुम्हाला त्यांची?"

त्याने पाठ भिंतीला टेकली.

"डॉक्टर म्हणाले, लग्न उरकून घ्या," तो हळूच म्हणाला. "त्यांना माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे. कुणी कुणापाशी बोलत नाही, एवढंच. लांबून ते अजून... बाबांसारखे दिसतात."

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने फोन काढला, ते मघाचं पुसून टाकते म्हणाली. त्याने तिचा हात धरला.

"नको पुसू. त्यांना खोटं बोलता येईना बघ. आम्हाला रोज येतं."

"मग हे मला कशाला सांगता? त्यांना सांगा. ते आत एकटे बसलेत, ते सगळं मनात घेऊन."

"नाही जमायचं मला."

"मी इथे बाहेर थांबते."

"बाहेर नको." हात त्याने अजून सोडला नव्हता. "आत चल. फोन नको, दिवा नको. नुसती चल."

हॉलमधून गाणी ऐकू येत होती. बाबा अजून मघाच्याच जागी बघत होते. या दोघांना बघून ते घाईने सावरून बसले. "पुन्हा घेऊ या का गं? या वेळी नीट हसतो मी."

दादा त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला. एका हातात बाबांचा हात, दुसऱ्यात रीलवालीचा.

"बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही नसणार," तो म्हणाला. "म्हणून आजच सांगतो... ही मला आवडते."