आखडत्या हाताचा पट

इचलकरंजीच्या घर्षणविज्ञान प्रयोगशाळेत वस्ताद बाळगोंडा आवटी यांनी सातवा माऊसपॅड नाकाशी नेला, हुंगला, दोन बोटांत चोळला आणि बाजूला ठेवला.

"माती कोरडी हाय," ते म्हणाले.

"वस्ताद, ते कापड आहे," डॉ. वैजयंती मगदूम म्हणाल्या.

"कापड असंल. पैलवान ज्याच्यावर घासतो ती मातीच."

डॉक्टरांनी आठवा काढला.

जिल्ह्यातल्या तालमींत संगणक आले तेव्हा भले भले हळहळले होते. वस्तादांनी मात्र बदल सहज पचवला. त्यांच्या मते फरक एवढाच, की पूर्वीचे पैलवान खाऊन बसायचे, आताचे बसून खातात. बाकी खुराक, शिस्त, वस्तादाच्या शिव्या, सगळं जागच्या जागी होतं. संगणकक्रीडेच्या महासंघात त्यांचा शब्द चाले. पहिल्याच वर्षी त्यांनी एक नियमही पदरात पाडून घेतला होता. कुस्तीत सलामीला दोन्ही पैलवान एकमेकांच्या हाती माती देतात; तसं निर्णायक फेरीत पडद्यावरचे टिपके माऊसने टिपणाऱ्या दोन्ही नेमबाजांनी एकमेकांना आपला माऊसपॅड द्यावा आणि समोरच्याच्या पॅडवर खेळावं. सगळे माऊसपॅड तेव्हा सारखेच असत. 'म्हाताऱ्याची हौस' म्हणून महासंघाने नियम मंजूर केला आणि विसरून गेला.

वस्तादांच्या शेजारी त्यांच्या संघाची नेमबाज शिवांजली चौगुले बसली होती. वय सत्तावीस, म्हणजे या खेळात पंचाहत्तरी. तीन वेळा अंतिम फेरी गाठली होती, तीनही वेळा शेवटच्या नेमाला तिचा हात आखडला होता. टिपक्यापर्यंत जायचा आणि केसभर अलीकडे थांबायचा. यंदा चौथी संधी. हरली तर पुढच्या मोसमात तिच्या खुर्चीत कोण बसणार, याची चर्चा संघात तिच्यासमोरच होत असे. लोक मनाने मोकळे होते.

सकाळपासून साहित्य निवडणं चाललं होतं. माऊस ठरला होता, चिमणीच्या पिसाइतका हलका. कळफलकावरून थोडं वाजलं. शिवांजलीला मऊ, मुका कळफलक हवा होता, वस्तादांना कडकड वाजणारा. "शड्डू ऐकू गेला पायजे समोरच्याला," ते म्हणाले, आणि वाजणारा घेतला. हेडफोनला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. "पैलवानाचा कान मोडका असतो. ही पोरगी मोडायच्या आधीच झाकून ठेवत्या."

"वस्ताद, मी काय कानानं खेळतो?" शिवांजली म्हणाली. कोल्हापूरकडच्या पोरी 'मी जातो, मी येतो' म्हणतात. अजिंक्यपदाच्या उंबऱ्यावरही त्यांचं व्याकरण बदलत नाही.

आता फक्त पट, म्हणजे माऊसपॅड, राहिला होता. डॉक्टरांनी काढलेला आठवा दिसायला साधा होता, करड्या रंगाचा, खादीच्या रुमालासारखा. वस्तादांनी हुंगला. भुवया वर गेल्या.

"ह्यात काय हाय?"

"हा जाणता पट," डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. "हात हलण्याच्या क्षणभर आधी तळव्याच्या कडेचा दाब बदलतो. मेंदूचा हुकूम बोटांपर्यंत पोचायच्या आत तळवा बातमी फोडतो, म्हणा ना. या विणीतले जाणते धागे ती बातमी वाचतात. हात उजवीकडे जाणार असेल तर तिकडचे धागे आडवे निजतात. वाट लोण्यासारखी होते. जिथे थांबायचं तिथले धागे उभे राहतात, ब्रेक लागतो."

"मॅडम, हे नियमात बसतंय?" शिवांजलीने विचारलं.

"संगणकाला तो एक अक्षरही कळवत नाही. वायर नाही, लहरी नाहीत. महासंघाच्या दृष्टीने हे कापड आहे."

"आणि माझ्या दृष्टीनं?"

"तुझ्या दृष्टीने हा शिष्य आहे. जितका वापरशील तितकी तुझी सवय शिकेल. घाम आणि नाडी यावरून प्रसंगही ओळखेल. तळहाताला घाम फुटला, नाडी वाढली, की अशा वेळी हा हात काय करतो ते आठवून आधीच तयारीत राहील."

"म्हंजे हात बसतो तसा पट बी बसतो," वस्ताद म्हणाले.

"तंतोतंत! एवढं एक वाक्य मला प्रबंधात सुचलं नव्हतं."

शिवांजलीने पटावर हात ठेवला आणि माऊस सरकवला. माऊस जात नव्हता, जाणं जणू आधीच झालेलं होतं. तिने पुन्हा सरकवला, तिसऱ्यांदा सरकवला, आणि लहान पोरासारखी हसत सुटली. "वस्ताद! नाद खुळा!"

"हात चांगला शिकतो आणि वाईटही, मग पट नेमकं काय शिकणार?" हा प्रश्न त्या दिवशी कुणीच विचारला नाही. शास्त्रज्ञ न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत नाहीत. वस्ताद विचारलेल्यांचीही देत नाहीत.

पुढचे आठवडे दिवाळीसारखे गेले. शिवांजली सरावात ज्यावर नेम धरी ते टिपे. उपांत्य फेरीत तर समोरचा संघ अर्ध्यात उठून तिच्या मागे उभा राहिला, निदान बघता तरी यावं म्हणून. अंतिम फेरीत गाठ होती नागपूरच्या प्रज्वल ढोमणेशी. त्याच्याकडेही जाणता पट होता. डॉक्टर कुणाला नाही म्हणत नसत. प्रज्वलचा दोष शिवांजलीच्या बरोबर उलटा होता. मोक्याच्या क्षणी त्याचा हात घाई करी आणि टिपक्याच्या केसभर पलीकडे जाई. पण त्याची घाई सहा सामन्यांत एकदा होई. शिवांजलीचं आखडणं अंतिम फेरीला हमखास.

वस्तादांनी रंगीत तालीम ठेवली. गावातली दोनशे माणसं बोलावली, ढोल लावला. शेवटच्या नेमाला शिवांजलीच्या तळहाताला घाम फुटला, आणि माऊस टिपक्याच्या अलीकडे असा रुतला, जणू गाडीचं चाक चिखलात.

"आखडला," कुणीतरी कुजबुजलं.

दुसऱ्या दिवशी दोघं प्रयोगशाळेत हजर. डॉक्टरांनी पट भिंगाखाली धरला आणि धागा न् धागा तपासला.

"शिकला," अखेर त्या म्हणाल्या. "तू घाबरलीस की थांबतेस, हे त्याला समजलं आहे. आता तू थांबायच्या आधीच तो तुला थांबवतो. बिचाऱ्याला वाटतं, तुला मदत होते आहे."

"मग पुसून टाका की ते!"

"पुसता येत नाही. धाग्याची घडी आहे ती. नवा विणायला महिना लागेल."

सामना रविवारी होता. शिवांजलीने पटाची गुंडाळी छातीशी धरली. "म्हणजे आधी मी एकटा घाबरायचो. आता दोघं मिळून घाबरणार."

वस्ताद खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर यंत्रमाग खडखडत होते.

"शिवे," ते वळले, "निर्णायक फेरीला तुझा पट कुणाच्या हाताखाली असतो?"

"माझ्या."

"नियम?"

शिवांजलीचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "देवघेव," त्या पुटपुटल्या. "अरे देवा. पट तर त्याच्याकडे जाणार."

"आन् घाम फुटला की पट कुणाची सवय आठवणार?"

"हाताची नाही, स्वतःची! शिकलेली!" डॉक्टर टाळी वाजवून उठल्याच. "त्याचा हात आखडणार!"

त्या क्षणापासून इचलकरंजीत एका अभूतपूर्व प्रशिक्षणाला सुरुवात झाली. पटाला होईल तितकं भित्रं करायचं होतं. शिवांजलीला घाबरवण्यासाठी वस्तादांनी आधी ढोल लावला, मग कुत्रं आणलं. कुत्रं तिच्या पायाशी झोपलं. शेवटी त्यांनी हुकमी एक्का काढला. तिला शाळेत गणित शिकवणारे कुंभोजे सर येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. काही बोलले नाहीत, फक्त हातातला खडू मोडला. तिच्या तळहाताला असा घाम फुटला, की पट ओला झाला. माऊस टिपक्याच्या अलीकडे ठार उभा.

"झकास!" वस्ताद ओरडले. "सर, उद्या बी या. येताना प्रगतिपुस्तक आणा."

रविवारी कोल्हापूरचं क्रीडागृह खच्चून भरलं. पहिले डाव दोघांनी वाटून घेतले आणि सामना निर्णायक फेरीवर आला. फेरी साधी होती. पडद्यावर टिपके येणार, प्रत्येक पुढचा टिपका आधीच्याहून लहान. दोघांनी टिपत जायचं. जो आधी चुकेल तो हरला.

पंचांनी इशारा केला. शिवांजलीने पट गुंडाळून दोन्ही हातांनी पुढे केला. प्रज्वलनेही केला. देताना तो गोड हसला.

"घे ताई, सांभाळून खेळजो."

"तूही जप, भावा," शिवांजली त्याहून गोड म्हणाली.

वस्तादांनी मांडीवर शड्डू ठोकला. पहिला टिपका दोघांनी टिपला. दुसरा, तिसरा, चौथा. मग टिपके मोहरीएवढे झाले आणि शिवांजलीला घाम फुटला. तिचा हात सवयीने टिपक्याच्या केसभर अलीकडे थांबायला निघाला, आणि खालचा पट निसटला. लोण्यासारखा. हात केसभर पुढे गेला आणि बरोबर टिपक्यावर उभा राहिला.

तिचा विश्वास बसेना. पुढचा टिपका. आखडला, निसटला, लागला. पुढचा. लागला!

तिने चोरून समोर पाहिलं. प्रज्वलचं कपाळ घामाने डबडबलं होतं. त्याचा हात घाईने टिपक्यापार निघाला होता, पण खालचा पट चिखलासारखा घट्ट झाला होता; हात केसभर अलीकडे रोखला जात होता. म्हणजे बरोबर टिपक्यावर. तोही डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होता.

टिपके खसखशीएवढे झाले. मग पडद्याला त्याहून लहान दाखवता येईना, तेव्हा तेच पुन्हा पुन्हा येऊ लागले. कुणीच चुकेना. प्रेक्षक आधी बेभान झाले, मग त्यांचे घसे बसले, मग त्यांना भूक लागली. वडे संपले. समालोचकाला विशेषणं पुरेनात; तो "लागला" एवढंच म्हणू लागला. वस्तादांनी मांडीवर इतके शड्डू ठोकले, की मांडी सुजली.

पहिल्या रांगेत डॉक्टर मगदूम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "केसभर उणे, केसभर अधिक," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "शून्य. दोन्हीकडे शून्य. हे दोघं आता मरेपर्यंत चुकायचे नाहीत."

अखेर पंचांनी हात वर केला. "बरोबरी तुटत नसेल तर नियमाप्रमाणे आपापला पट परत घेऊन पुन्हा खेळा."

शिवांजलीने पटावर दोन्ही हात पालथे टाकले. प्रज्वल तर पटावर आडवाच झाला.

"मी नाही देत!" ती म्हणाली.

"मी बी नाही देत!" तो पटावरूनच ओरडला.

"अहो, तुमचेच पट आहेत ते!" पंच म्हणाले.

"माझा?" प्रज्वलने मान वर केली. "त्याले घाई करायले शिकवून शिकवून माहे दोन आठवडे गेले! बापाले मागं उभं ठेवलं होतं, 'कर ना बे लवकर' म्हणायले!"

शिवांजली त्याच्याकडे बघतच राहिली. "तूही? ती देवघेव लक्षात घेऊन?"

"अन् तू?"

"गणिताचे सर."

"अबे!" प्रज्वल आदराने म्हणाला. आणि दोघं असे खदखदून हसू लागले, की पंचांनाही हसू आवरेना.

वस्ताद लंगडत व्यासपीठावर चढले आणि त्यांनी पंचांच्या हातातला ध्वनिक्षेपक काढून घेतला. चाळीस वर्षं ते या वाक्याचा तिरस्कार करत आले होते. आज ते त्यांनी छाती फुगवून म्हटलं.

"कुस्ती बरोबरीत सुटली!"

चषक दोघांनी मिळून उचलला. शिवांजलीचा हात तेव्हा जराही आखडला नाही. प्रज्वलने मात्र घाई केली आणि चषक तिच्या नाकावर आपटला.

प्रयोगशाळेचं काम त्यानंतर बदललं. आपल्या हाताला साजेसा पट मागायला आता कुणी येत नाही. लोक येतात आपला दोष घेऊन आणि विचारतात, याच्या उलटा कुणाकडे आहे का. डॉक्टर मगदूम मोजमाप करतात. पण अखेरचा शब्द वस्तादांचा. ते दोन्ही पट जवळजवळ ठेवतात, आधी एक हुंगतात, मग दुसरा, डोळे मिटून क्षणभर थांबतात, आणि आखाड्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या गंभीर आवाजात निकाल देतात,

"लावा. जोड बरोबर हाय."