न लागलेलं दही

चंद्रावर शलाकाच्या घरी काही केल्या दही लागत नव्हतं. दूध कोमट होतं, भांडं उबेला होतं, विरजण तर सुनेत्राआत्याने थेट पृथ्वीवरून आणलेलं. तरी सकाळी झाकण काढलं की आत दूधच.

"इथलं गुरुत्वाकर्षण कमी ना, म्हणून असेल," आई म्हणाली. ती खनिजांची अभियंता. दह्याबद्दलही तितक्याच ठामपणे बोलायची.

शलाकाला दह्याचं काही नव्हतं, काळजी पोटाची होती. त्यांची वसाहत एका खोल विवराच्या तळाशी. शाळेची मुलं पहिल्यांदाच विवराच्या काठावर जाणार होती आणि तिथून पृथ्वी दिसणार होती. चंद्रावरच जन्मलेल्या शलाकाने ती फक्त पडद्यावर पाहिलेली. पण पोट दुखणाऱ्याला अवकाशपोशाख मिळत नसे, आणि तिचं पोट सारखं दुखायचं. डॉक्टरांना आजार मात्र सापडत नव्हता.

"वहिनी, विरजण आल्या आल्या कुठे ठेवलंत?" आत्याने विचारलं. ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती.

"किरणपेटीत. बाहेरची वस्तू आधी तिथेच."

किरणपेटी (किरणांनी जंतू मारणारी पेटी) आईची फार लाडकी. बाबांच्या चपलाही तिच्या तावडीतून सुटत नसत.

"म्हणजे पाहुणे दारातच गारद," आत्या हसली. "दही लावतात ते जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव). ते जिवंत तर हवेत? असू दे, दुसरी डबी मी लपवून ठेवलीय. तुम्हाला मी ओळखून आहे."

आईने दूध पुन्हा कोमट करायला ठेवलं.

मग आत्याने शलाकाला गोळीएवढा सूक्ष्मदर्शी कॅमेरा गिळायला लावला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तिचं मोठं आतडं उजळलं. कांड्यांसारखे, मण्यांसारखे, माळेत ओवल्यासारखे असंख्य जीव तिथे वळवळत होते. शलाका पापणी लवायची विसरली.

"हे सगळे माझ्यात?"

"तुझे भाडेकरू. भाडं चोख देतात हो. तंतू (साली, कोंडा, भाज्या यांतला आपल्याला न पचणारा भाग) हे त्यांचं जेवण. ते खाऊन ते जी आम्लं बनवतात, त्यांवर तुझ्या आतड्याचं अस्तर पोसतं. पण इथे जेवण म्हणजे साल-कोंडा काढलेली लापशी. तू जेवतेस, हे उपाशी."

"आणि सहलीचा विचार आला की जास्त दुखतं, ते?"

"आतडं आणि मेंदू यांच्यामध्ये एक लांब मज्जातंतू (निरोप नेणारी शरीरातली तार) असतो. निरोप दोन्हीकडून जातात. खालची कुरकुर वर पोचते, वरची भीती खाली. भ्यालीस की पोट आवळतं, पोट आवळलं की आणखी भितेस."

त्या दिवसापासून ताटात सालीचे मूग, काचघरातली मेथी, कोंड्यासकट भाकरी आणि ताक आलं. जादू काही झाली नाही. आधी तर पोट फुगलं आणि आईने आत्याकडे असं पाहिलं, की आता तिचीच रवानगी पेटीत. मग दुखणं हळूहळू ओसरलं. डॉक्टरांनी परवानगी दिली.

सहलीच्या दिवशी, बाहेरच्या दाराशीच पोटात कळ आली. शलाका थबकली. खाली काही बिघडलेलं नाही, तिने स्वतःला सांगितलं, हा वरून आलेला निरोप आहे. तिने सावकाश श्वास घेतला, त्याहून सावकाश सोडला. पुन्हा घेतला. आवळलेलं पोट सैल होत गेलं. दार उघडलं.

काठावर पोचल्यावर सगळे एका रांगेत थांबले. काळ्याभोर आकाशात, क्षितिजाला टेकून, निळी पृथ्वी होती.

"तिथे अब्जावधी माणसं राहतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

आणि माझ्यात त्यांच्या हजारो पट, शलाकाच्या मनात आलं. आईच्या पोटी, आजीच्या पोटी, पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करत ते तिथूनच इथवर आले होते. उद्या कुणी मंगळावर गेलं, तर तिथेही येतील.

तिने जाडजूड पोशाखावरून पोटावर हात ठेवला.

"बघा," ती त्यांना म्हणाली, "तुमचं गाव."