आप्पांच्या बिल्डिंगचं गोड पाणी

लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्ल्या आहेत, तिथं बिऱ्हाड करून राहिलेल्या आयांची एक वेगळीच वस्ती आहे. नवरा गावाकडं दुकान नाहीतर शेत सांभाळतो आणि बाई पोराला घेऊन एका खोलीत गॅस, कुकर आणि लोखंडी खाट मांडून बसते. पोराचा मेडिकलला नंबर लागेपर्यंत डबा करायचा, कपडे धुवायचे आणि मोठ्यानं बोलायचं नाही, एवढाच काय तो संसार. देगलूरच्या सबिहानंही तेच केलं. तिच्या नवऱ्याचं, निजामोद्दीनचं, घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पोरगी जेबा दहावीला शाळेत पहिली आली, तशी सबिहानं ट्रंक भरली आणि पोरीला घेऊन लातूरची एस.टी. धरली.

खोली लवकर मिळेना. आधी सगळं जमायचं, मग नाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. गुरुपादप्पांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांच्या, बिल्डिंगमध्ये मात्र कुणी काही विचारलं नाही. मालकांनी नुसती किल्ली दिली. वरच्या मजल्यावरच्या रत्नम्मा खाली आल्या, ट्रंकेचं एक कडं स्वतः धरलं आणि म्हणाल्या, "इथं समद्या पोरांच्या आयाच हायत. तुमी बी आईच ना?" दिवसभर वणवण केलेल्या सबिहाला एकदम भरून आलं.

रत्नम्मांना सगळ्याजणी अक्का म्हणत. कपाळावर विभूतीची रेघ, पातळाची घडी मोडलेली नाही, बोलणं मऊ. त्यांनीच पहिलं पाणी आणून दिलं. सबिहानं फुलपात्र तोंडाजवळ नेलं आणि तिथंच थांबवलं.

सबिहाचं नाक घरात नावाजलेलं होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. निजामोद्दीन थट्टेनं म्हणायचा, हिला पोलिसात घेतलं तर कुत्रं पाळायला नको. त्या नाकाला त्या पाण्याचा जो वास आला तो सांगतानासुद्धा मळमळतं. ओलं फडकं डब्यात कोंबून महिनाभर विसरावं आणि उघडल्यावर वर अत्तर शिंपडावं, तसा. सडका, आणि तरी गोडसर.

"कसं हाय पाणी?" अक्कांनी विचारलं.

पॅसेजमध्ये पाच-सहा बाया बसल्या होत्या. गवार निवडणारीचे हात थांबले. सगळ्या सबिहाकडं बघत होत्या, आणि कुणाच्याच नजरेत वाईट काही नव्हतं.

"गोड हाय," सबिहा म्हणाली. पाहुणीनं दुसरं काय म्हणायचं असतं? गवार पुन्हा मोडू लागली.

त्या पाण्याची कथा तिला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळाली. आप्पांची बोअर म्हणे कोरडी गेली होती. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे ती आपसूक भरून आली. भुईनं होऊन दिलेलं पाणी, असं अक्का म्हणत. त्या पाण्यावर बिल्डिंगमधली किती पोरं डॉक्टर झाली त्याची नावं त्या घडाघडा सांगत. पहिला त्यांचाच वीरेश. त्याचा आता हुबळीला स्वतःचा दवाखाना होता. मग तुम्ही अजून इथं कशा, असं सबिहानं विचारलं तेव्हा अक्का हसल्या. दुसरीकडचं पाणी आता घशाखाली उतरत नाही, म्हणाल्या.

सबिहा फडक्यानं पाणी गाळू लागली. फडक्यात केस निघाले. लांब, काळेभोर, बोटाला चिकटणारे. तिनं ते चिमटीत धरून फेकले आणि हात साबणानं धुतले, पण साबणाचं पाणीही तेच होतं. पॅसेजच्या खिडकीच्या गजांत केसांच्या गुंडाळ्या खोचून ठेवलेल्या तिनं पाहिल्या होत्या. देगलूरलाही बाया विंचरून निघालेले केस भिंतीच्या फटीत जपून ठेवत, केसांवर भांडी देणारी दारावर आली की तिला द्यायला. हेही तेच असणार, असं ती धरून चालली. एका रणरणत्या दुपारी चादर वाळत घालताना तिचा हात गुंडाळीला लागला. गुंडाळी ओली होती. शिवाय बिल्डिंगमधल्या बायांचे केस निम्मे पांढरे आणि खांद्यापर्यंतचे होते, हे तिच्या तेव्हा कुठं लक्षात आलं.

मायलेकी आपसात त्यांच्या दखनीतच बोलत. "अम्मी, पानी को बास आरी," जेबा पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"हाव, आती," सबिहा म्हणाली होती. "उबालके देती."

उकळल्यावर वास खोलीभर झाला.

शेवटी संध्याकाळी पायऱ्यांवर सगळ्या बसल्या असताना तिनं विषय काढलाच. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. त्या सगळ्या तिच्या काळजीत पडल्या. सर्दी झाली का, पाळी चुकली का, घरची आठवण येते का. एकीनं लिंबू आणून दिलं, दुसरीनं डोक्याला तेल लावून दिलं. अक्कांनी तिला बाजूला घेतलं.

"नाक नवं हाय तुमचं अजून. बसंल," त्या म्हणाल्या. "पण पोरीपुढं बोलू नका. मागं निलंग्याच्या एका पोरीला बी असाच वास यायचा. न्हाई लागला तिचा नंबर."

एवढं पुरलं. आईला भीती घालायची तर पोराच्या नावानं घालावी, हे त्या गल्लीत लहान पोरालाही माहीत असतं. त्यानंतर जेबा वास म्हणाली की सबिहा श्वास रोखून एक फुलपात्र पिऊन दाखवायची आणि म्हणायची, कुठं येतो? काही दिवसांनी श्वास रोखायची गरज पडेना. ती गरज नेमकी कधी संपली, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. नळ सुकले, टाक्यांपाशी पोलीस उभे राहिले, घागरींच्या रांगा गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. आप्पांच्या बिल्डिंगचा नळ मात्र धो धो चालू. अशा साली पाण्याला नावं ठेवणारी बाई म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणारीच. अक्का फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत. एक तहानलेला रिक्षावाला थांबला, घोट घेतला आणि तिथंच रस्त्यावर थुंकला. उरलेलं पाणी त्यानं धुळीत ओतून दिलं आणि पालथ्या हातानं जीभ पुसत निघून गेला.

"लोकायला किंमतच न्हाई पाण्याची," असं कुणीतरी संतापून ओरडलं. सगळ्या सबिहाकडं वळून बघू लागल्या, तेव्हा तिला कळलं की तीच ओरडली होती. अक्कांनी तिचा हात दाबला. तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

निजामोद्दीन महिन्याकाठी ज्वारी-डाळ घेऊन यायचा. त्या खेपेला तो खोलीत आला आणि दारातच अडखळला. जेवताना तो दूर सरकून बसला. पाणी त्यानं घेतलं नाही, बाटली बरोबर आणली होती. मग खाली मान घालून, अपराध्यासारखा म्हणाला, "तेरे आंग को कायकी बास आरी?"

सबिहाला हे लागलं. रोज दोनदा आंघोळ करणारी बाई ती. त्या गावात तेव्हा दोनदा आंघोळ करायला मिळत होतीच कुणाला? तिनं ठरवलं, माणूस गावाकडचा, नाक नवं.

जेबा वाळत चालली होती. डबा परत यायचा. वर्गात डोकं चालेना म्हणू लागली. अक्कांनी सबिहाला विचारलं, पोरगी पाणी पिते का नीट? म्हणून सबिहानं दप्तर तपासलं, आणि शिकवणीच्या कूलरमधून चोरून भरलेली बाटली सापडली. तिनं ती मोरीत ओतली. त्या पाण्याला वासच नव्हता, रंग नव्हता, काही नव्हतं. तिला त्याची शिसारी आली.

जेबा दारात उभी होती. "तुमीच बोले थे ना अम्मी," ती म्हणाली, "बास आती बोलके. पैले दिन."

"मैं कब बोली?"

सबिहा खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं.

जेबानं आईचं मनगट धरलं आणि तिला जिन्यानं वर नेलं. भर दुपार होती. गच्ची तव्यासारखी तापलेली. कोपऱ्यात सिमेंटची जुनी टाकी, वर लोखंडी झाकण. झाकण उचलताना जेबाचे हात भाजले, पण तिनं सोडलं नाही.

"एक बार देखो. फिर मैं कुछ नई बोलती."

सबिहा वाकली.

पाणी दिसतच नव्हतं. केस होते. टाकीभर केस, ओले, काळे, एकमेकांत गुंतलेले. ते सगळे मिळून सावकाश वर येत होते आणि सावकाश खाली जात होते, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे. आणि तो वास, पहिल्या दिवसाचा, थेट नाकात घुसला.

मागं जिन्यात पावलं वाजली. बाया वर आल्या होत्या. कुणी घाईत नव्हतं.

"काय दिसलं?" अक्कांनी मऊ आवाजात विचारलं.

जेबा आईच्या तोंडाकडं बघत होती.

सबिहाला उत्तर माहीत होतं. पण ते उच्चारलं की इतके महिने प्यालेलं, शिजवलेलं, पोरीला दटावून पाजलेलं सगळं पोटात आहे, हेही उच्चारावं लागणार होतं. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिनं ते गिळलं.

"स्वच्छ हाय," ती म्हणाली.

म्हणताक्षणी ते स्वच्छ झालं. निळं आभाळ त्यात उतरलं, तळाचं सिमेंट दिसू लागलं. सबिहाला हसू आलं. पोरीचा एवढासा संशय, तो फेडायला कितीसा वेळ? तिनं बाही सरकवली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि वर काढून जेबापुढं धरला.

जेबा तिथंच ओकली.

सबिहा ओढणीनं हात पुसू लागली. नुसतं पाणी पुसायला इतका वेळ का लागतोय, असं तिला एकदा वाटून गेलं.

जेबानं बापाला फोन केला. निजामोद्दीन दुसऱ्या दिवशी आला, रिक्षा फाटकाशी उभी केली आणि ट्रंक स्वतः उचलून नेली. देगलूरलाच शिकेल पोरगी, नाहीतर नांदेडला, म्हणाला. त्यानं सबिहाशी वाद घातला नाही. नुसतं चल म्हणाला.

सबिहा निघाली होती, खरंच निघाली होती. चपला घातल्या होत्या. जेबा रिक्षातून हात पुढं करून म्हणाली, "अम्मी, आव."

"एक बाटली भरके लेती," सबिहा म्हणाली. वाट लांबची, आणि दुसरीकडचं पाणी उतरलं नाही तर?

नळाशी अक्का होत्या. त्यांनी बाटली भरून दिली आणि आधी एक फुलपात्र पुढं केलं. उन्हातून जायचं तर पिऊन जावं. सबिहा प्यायली, बरं वाटलं, म्हणून पायरीवर क्षणभर टेकली. शेजारी अक्का टेकल्या. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. पोरीनं हाक मारली, पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेत रडू होतं.

सबिहाच्या घशात काहीतरी अडकलं. तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि टोक पकडून ओढलं. लांब काळा केस बाहेर येऊ लागला. अक्कांनी बघितलं न बघितल्यासारखं करून आपलं बोट पुढं केलं. सबिहानं टोक त्या बोटाला दिलं, आणि अक्का सवयीच्या हातानं गुंडाळू लागल्या.

फाटकाबाहेर रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली आणि तिचा आवाज विरून गेला.

"आज काय, गवारच का?" अक्कांनी विचारलं.

तोंड मोकळं नव्हतं म्हणून सबिहानं नुसती मान डोलावली. गुंडाळी लिंबाएवढी झाली होती, आणि केस अजून येतच होता.