थांबू नको, चालू दे

त्या गाडीच्या मागच्या भागात सहा वस्तू होत्या. स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, रबरी चटई, पाण्याची अर्धी बाटली आणि बिनखोळीची एक उशी.

मी स्वतः मोजल्या. माणूस नव्हता.

हे आधीच सांगतेय, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की मागे कोणीतरी लपलं असेल.

कोणीही नव्हतं.

ही घटना माझ्यासोबत घडली आहे. मी मेघा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि कामठीला आईबाबांसोबत राहते. जे झालं त्यात मी एक शब्दही वाढवलेला नाही. उलट काही गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्यांची मला स्वतःला खात्री नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. नवतपा सुरू होता. नागपूरच्या लोकांना नवतपा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की वर्षातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

भुतांच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भरदुपारी घडली.

माझे बाबा, बळीराम, यंत्रमागाच्या दुरुस्तीला चढले असताना वरून पडले होते. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसवले. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने बसायचं नाही. फक्त सपाट झोपायचं. पण आठवड्यातून दोनदा नागपूरला दवाखान्यात न्यायचं. मोठा धक्का बसला आणि स्क्रू हलले, तर पुन्हा ऑपरेशन. आणि पुन्हा ऑपरेशन झालं तर चालण्याची खात्री नाही.

म्हणून मला अशी गाडी हवी होती, जिची मागची सीट पाडली की डिकीपर्यंत सपाट जागा होते. स्टेशन वॅगन म्हणतात तसली. जुनी चालेल, पण डिझेल हवी, कारण दवाखान्याबाहेर तासभर एसी लावून उभी ठेवायची होती. आणि रस्त्यात बंद पडणारी नको. त्या उन्हात बाबांना कुठे ठेवणार?

तीन गाड्या बघून झाल्या होत्या. चौथी लकडगंजला होती, एका दलालाच्या शेडमध्ये. दलालाचं नाव विक्की. पांढरी लांब गाडी. तीन मालक होऊन गेले होते म्हणाला.

"ताई, एकदम मक्खन. मागं झोपून जा, झोप लागून जाईन."

मी खरंच मागे झोपून जाणार होते. तीच माझी पद्धत होती.

मावसभाऊ अश्विन गाडी चालवायचा आणि मी मागे गादी टाकून बाबांच्या जागी पडायचे. अंगावरून दोन पट्टे. ट्रकवर सामान बांधतात तसले, गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे खटके गाडीच्या भिंतीला, पडलेल्याचा हात पोचणार नाही असे. कारण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बाबा पट्टे सोडायचे. छातीवर मोबाईल ठेवायचा. त्यातलं एक अ‍ॅप प्रत्येक धक्का मोजायचं.

आणि एक नियम होता. मागून कितीही ओरड झाली तरी अश्विनने थांबायचं नाही.

बाबांना अ‍ॅम्ब्युलन्समधून आणलं तेव्हा ते दर दोन मिनिटांनी "थांबव गा, थांबव" करायचे आणि प्रत्येक ब्रेकला कळवळायचे. न थांबता चालवलं तरच माप बरोबर येणार होतं. आधीच्या तिन्ही गाड्यांत मी मागून बाबांची नक्कल करत ओरडले होते. अश्विन हसत हसत चालवत राहिला होता.

तर त्या दुपारी अश्विनने मला बांधलं, डिकी लावली. ती डिकी आतून उघडत नाही. विक्की पुढे त्याच्या शेजारी बसला.

लकडगंज ते कामठी. आमच्या दारापर्यंत.

गाडी खरोखर छान होती. खड्ड्यातसुद्धा नुसती डोलायची. इंजिनाची घरघर पाठीतून जाणवत होती, पण त्रास नव्हता. मी मनात म्हटलं, हीच घ्यायची.

इंदोरा गेलं. ऑटोमोटिव्ह चौकात सिग्नलला गाडी थांबली. इंजिनाचा आवाज खाली आला…

आणि मला श्वास ऐकू आला.

माझ्या डावीकडून.

संथ. थोडा घरघरता. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा.

मला वाटलं, माझाच असेल. बंद जागेत आवाज परततो. म्हणून मी माझा श्वास रोखून धरला.

तो चालूच होता.

मान वळवून पाहिलं. गादी रिकामी होती. मी उजव्या कडेला होते, डावा अर्धा भाग मोकळा. काहीच नव्हतं तिथे.

पण पट्टा…

माझ्या छातीवरून जो पट्टा पलीकडे गेला होता, तो रिकाम्या गादीवर सपाट पडायला हवा होता. तो वीतभर वर होता. मधे कमान करून. जणू खाली कोणाची तरी छाती आहे.

मी बघत असताना तो हळूच खाली गेला.

मग पुन्हा वर आला.

तो वर आला की माझ्या छातीवर आवळला जायचा. खाली गेला की सैल व्हायचा.

सिग्नल सुटला.

मी ओरडले. "अश्विन, थांबव!"

पुढून हसण्याचा आवाज आला.

"थांबव, मी खरंच सांगतेय!"

गाडीने वेग घेतला.

मोबाईल छातीवरून घसरून डावीकडे गेला होता. कोपरं पट्ट्याखाली अडकलेली. खटका दिसत होता, पण बोटं पोचत नव्हती. तो पट्टा मीच मागवला होता. खटका कुठे बसवायचा तेही मीच सांगितलं होतं. मी पाय झाडले, पुढच्या सीटवर लाथा मारायचा प्रयत्न केला. गुडघ्यावरचा पट्टा हलू देईना.

आणि बाजूचा श्वास तसाच. शांत. त्याला कसलीच घाई नव्हती.

मग मी ओरडणं सोडलं. छत बघत राहिले. पट्टा आवळला की श्वास सोडायचा, सैल झाला की घ्यायचा. दुसरा मार्गच नव्हता. कामठी येईपर्यंत मी त्याच्या लयीत श्वास घेतला.

दारात गाडी थांबली. अश्विनने डिकी उघडली. पट्टा गादीवर सपाट पडलेला होता.

"काय वं, आज तर कमाल केली," तो म्हणाला. "हुबेहूब म्हातारा. पोट दुखून राहिलं हसून हसून."

मी विचारलं, मी थांब म्हणत होते तर थांबला काहून नाही?

"आधी म्हटलं थांबव. मंग त्या आवाजात म्हटलं ना, ‘थांबू नको, चालू दे.’ दोनदा म्हटलं."

मी म्हटलं, मी असं काही बोलले नाही.

त्याने विक्कीकडे पाहिलं. विक्कीनेही ऐकलं होतं. विक्कीचं हसू हळूहळू गेलं. तो गाडीपासून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, ताईले ऊन लागलं, कांद्याचा रस द्या.

आता तुम्ही विचाराल, मग तीच गाडी घेतली कशाला?

कारण मोबाईलमधला आलेख चारही गाड्यांत सगळ्यात चांगला होता. त्याच्या जवळपाससुद्धा दुसरी नव्हती. बाबांचा मणका माझ्या भीतीवर सोडायचा की मोजमापावर? आणि घरी सांगणार काय? बाबांनी आयुष्यभर भूतप्रेत मानलं नाही. शेजाऱ्यांनी लिंबू-मिरची आणली तर चहा पाजून परत पाठवणारा माणूस. मलाही त्यांनीच तसं वाढवलं. उन्हाचा भास, असं मी स्वतःला समजावलं. पट्टे तेवढे बदलले. खटका मधे घेतला.

गाडी एकदाही बंद पडली नाही.

पहिल्या खेपेलाच बाबा एकदाही "थांबव" म्हणाले नाहीत. झोपून गेले. आई, प्रेमिला तिचं नाव, पुढच्या सीटवर बसून रडली. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच असे झोपले होते.

मी मात्र गाडी चालवताना आरशात बघत होते.

बाबा गादीच्या उजव्या कडेला गेले होते. अगदी भिंतीला चिकटून. डावा अर्धा भाग मोकळा.

दुसऱ्या खेपेला त्यांना नीट मधे झोपवलं. कामठी रोडला लागेपर्यंत ते पुन्हा कडेला. त्या दिवशी अश्विन चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मणका सरळ राहायला हवा, म्हणून मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बाबांना म्हटलं, मधे सरका ना.

त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं.

"मंग तो कुठं झोपन?"

घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती म्हणाली, गोळ्यांची गुंगी आहे. मग मी बाबांना विचारलं, गाडीत तुमच्याजवळ कोण असतं? ते वैतागले.

"गाडीत कोन राहीन वं? येवढं शिकून पागल झाली काय?"

पण पुढच्या खेपेला ते पुन्हा कडेला सरकले.

मी विक्कीला फोन केला. गाडी परत घेतोस का, किंवा आधीच्या मालकांची नावं तरी दे. त्याने फोन कापला. नंतर तो नंबर लागलाच नाही. अश्विन गाडी चालवतो, पण एकटा कधी तिच्यात बसत नाही. कारण मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आणि बाबा बरे होत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, स्क्रू जागच्या जागी आहेत, इतकं चांगलं होईल असं वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बसायला परवानगी मिळाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता सीट उभी करायची, गादी काढायची आणि जमलं तर गाडीच विकायची.

बाबा पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले, तेव्हा मी मागची गादी गुंडाळायला घेतली. त्यांनी माझा हात धरला. जोरात.

"ते राहू दे. मी बसाले लागलो म्हणून त्याले काहून उठवतं?"

या वेळी गोळ्या नव्हत्या. डोळे उघडे होते.

घरात आल्यावर त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं.

ती गादी आजही तशीच आहे. या वर्षीचा मे लागला, तसं मी ठरवलं की एकदा मोजून बघायचं. काहीच नाही निघालं तर बाबांशी भांडून गाडी विकायची.

काल गाडी सकाळपासून उन्हात ठेवली. काचा बंद. दुपारी तीनला मागचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. सीटबेल्टच्या खटक्याला बोट लागलं तर चटका बसला.

माझ्या हातात कोरोनाच्या वेळी घेतलेली ताप मोजायची बंदूक होती. ती फक्त माणसाच्या अंगाचं तापमान दाखवते. त्रेचाळीसच्या वर काही असलं की आकडा येत नाही, नुसतं ‘हाय’ असं उमटतं.

स्टेअरिंग: हाय.

पुढची सीट: हाय.

छत: हाय.

गादी, उजवी बाजू: हाय.

मग हात डावीकडे नेला…

छत्तीस पॉईंट आठ.

तीनदा घेतलं. छत्तीस पॉईंट आठ. छत्तीस पॉईंट आठ. छत्तीस पॉईंट नऊ.